अदेलच्या गोष्टीला प्रेमकथा म्हणू नका

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘द स्टोरी ऑफ अदेल एच.’ (१९७५) या सिनेमाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास उसासा टाकतं, “काय प्रेम होतं हो तिचं!” मला हे अजिबात पटत नाही. (पुढे सगळी गोष्ट सांगितली आहे. सिनेमा बघायचा असेल तर इथेच थांबा.)

अदेल ही प्रसिद्ध फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोची धाकटी मुलगी. बाप फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा याच्याशी वैर पत्करून देशाबाहेर, ग्वेर्नसी बेटावर राहतोय, आणि ही १८६३ मध्ये अटलांटिक ओलांडून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला पोचते, कारण पिन्सन नावाच्या ब्रिटिश लेफ्टनंटची पलटण तिथे आहे. कधीकाळी दोघांचं जमलं होतं. आता त्याला ती नकोय, आणि हे तो तिला तोंडावर सांगतो. एकदा नाही, अनेकदा.

मग ती काय करते? लग्न झाल्याचं घरी खोटंच कळवते. ह्यूगो बिचारे ती बातमी वर्तमानपत्रात छापून आणतात. पिन्सनच्या होणाऱ्या सासऱ्याकडे जाऊन ‘मी त्याची बायको, मला दिवस गेलेत’ असं सांगते आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडते. रात्री चोरून त्याच्या घरात डोकावते. संमोहन करणाऱ्याला गाठून विचारते, एखाद्याला त्याच्या मनाविरुद्ध बोहल्यावर उभं करता येईल का?

हीच यादी एखाद्या पुरुषाच्या नावावर लिहून बघा. आपल्याकडे अशा माणसाची बातमी ‘एकतर्फी प्रेमातून’ या दोन शब्दांनी सुरू होते आणि पुढे काय असेल ते वाचायच्या आधीच पोटात गोळा येतो. अदेलच्या हातात चाकू नाही, ॲसिडची बाटली नाही, म्हणून आपण तिला विरहिणी करून टाकतो. पिन्सन काही संत नाही, उनाड आणि कर्जबाजारी आहे. पण ‘नाही’ म्हणायचा हक्क उनाड माणसालाही असतोच ना?

यात थोडा दोष त्रुफोचाही आहे. खरी अदेल तेव्हा तेहेतीस वर्षांची होती. पडद्यावर आहे विशीतली इझाबेल अजानी. दिव्याच्या पिवळ्या उजेडात तो चेहरा दिसला की आपली बुद्धी गहाण पडते. (या कामासाठी तिला ऑस्करचं नामांकन होतं, आणि ते रास्तच होतं.)

पण मला जास्त छळतो तो पुस्तकांच्या दुकानातला प्रसंग. अदेल तिथून रीमच्या रीम कागद नेते आणि रात्रभर डायरी लिहीत बसते, तीही सांकेतिक लिपीत. दुकानदाराचा तिच्यावर जीव जडलेला. तो भाबडेपणाने तिला एक पुस्तक भेट देतो. उघडून बघते तर ‘ले मिझेराब्ल’! तिच्या बापाचंच. ज्या आडनावापासून ती समुद्र ओलांडून पळाली, ते दुकानाच्या फळीवर आधीच येऊन बसलेलं. थोरली बहीण लेओपोल्दीन १८४३ मध्ये सेन नदीत बुडून गेली, तिच्यावर बापाने कविता लिहिल्या. मागे उरलेल्या अदेलला त्या घरात स्वतःची म्हणावी अशी कुठली गोष्ट होती? मला वाटतं पिन्सन निव्वळ निमित्त आहे.

पुरावा कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर मिळतो. त्याच्या पलटणीमागे ती तिथेही जाते. फाटक्या कपड्यांत रस्त्याने चालली आहे, पिन्सन स्वतः समोर येऊन हाक मारतो, आणि ती ओळख न दाखवता पुढे निघून जाते. ज्याच्यासाठी आयुष्य उधळलं तो माणूस तिच्या वेडातून केव्हाच वजा झालेला असतो. याला प्रेम म्हणायचं असेल तर माझा नाइलाज आहे.

पुढे १८७२ मध्ये बार्बाडोसच्या मादाम बा नावाच्या कृष्णवर्णीय बाईंनी तिला फ्रान्सला बापाकडे आणून पोचवलं. उरलेलं आयुष्य वेड्यांच्या इस्पितळांत गेलं. १८८५ मध्ये ह्यूगो गेले, आणि ती त्यांच्यामागे थेट १९१५ पर्यंत जगली. सिनेमा हे सगळं शेवटच्या काही मिनिटांत उरकतो, याचा मला खरंच राग येतो. परक्या, भ्रमिष्ट बाईला सांभाळून समुद्रापार घेऊन जाणाऱ्या त्या बाईंवर कुणी सिनेमा काढला, तर पहिलं तिकीट मी काढेन.