समुद्र नसलेल्या गावात नौदलावर पीएच.डी. कशी करावी

नागपुरात राहून संशोधक व्हायचं मनावर घेतलं असेल, तर पहिली सूचना: संत्र्याच्या वाटेला जाऊ नका.

संत्रा, कापूस, माती, सांडपाणी हे विषय घरचे वाटतात आणि तिथेच माणूस फसतो. या गावात त्या विषयांचे खरे जाणकार राहतात. अमरावती रोडवर संत्रा-मोसंबीची केंद्रीय संस्था आहे, त्याच रस्त्यावर देशभरच्या मातीचे नकाशे करणारं कार्यालय आहे, वर्धा रोडला कापसाची संस्था आहे, आणि नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे लोक तर १९५८ पासून आपलं पाणी तपासत बसलेत. अशा शेजारात तुम्ही एखादं विधान केलंत की कुणीतरी ते पडताळून बघणार. शिवाय शेतकरी असतात, ते वेगळेच. माझ्या एका मित्रानं हौसेनं संत्र्यावर सिनॉप्सिस दिला. सेमिनारला एकतिसावी स्लाइड चालू होती, तेवढ्यात मागच्या रांगेतून काटोलकडचे एक काका उठले. म्हणाले, "सर, तुमचं सारं बरोबर हाय जी. पण आंबिया बहाराची फळं काहून गळून राहिली, थे सांगा ना." मित्राकडे ४४ स्लाइड होत्या. गळणाऱ्या फळाची एकही नव्हती. त्यानं विषय बदलला, आता तो 'ग्राहकाची मानसिकता' यावर काम करतो आणि त्याची तब्येत सुधारली आहे.

तेव्हा विषय असा घ्या की ज्याचा माणूस गावात औषधालाही सापडू नये. मी नौदल प्रशासन घेतलं.

नागपूर आणि समुद्र यांचा संबंध काय, हे तुम्हाला सांगायला नको. समृद्धी महामार्गानं ७०१ किलोमीटर गाडी हाणलीत तरी भिवंडीजवळ आमण्याला उतरता, आणि समुद्र तिथूनही दिसत नाही. आमच्या गाईडनी आयुष्यात जवळून पाहिलेलं सगळ्यात मोठं जहाज म्हणजे अंबाझरी तलावातली पायडल बोट. ती ओढायला त्यांना दोन विद्यार्थी लागले होते. पण विषय मंजूर करणाऱ्या समितीत एखादा खवचट मेंबर असतोच. तो विचारेल, "नागपूरला नौदल कशाला पाहिजे?" घाबरू नका. शांतपणे म्हणा, "बोलिव्हिया." १८७९ साली सुरू झालेल्या लढाईत चिलीनं या देशाचा सगळा किनारा घेतला. तेव्हापासून बोलिव्हियाला समुद्र नाही. नौदल मात्र आहे, टिटिकाका सरोवरात आणि नद्यांमध्ये. दरवर्षी २३ मार्चला ते लोक गेलेल्या समुद्राचा दिवस पाळतात. मग आपल्याकडे काय कमी आहे? फुटाळा आहे, गांधीसागर आहे, सोनेगावचा तलाव आहे. टिटिकाका जरा मोठा, एवढाच फरक. समिती यानंतर चहा मागवते.

आता शास्त्रीय आधार. प्रत्येक प्रबंधाला एक पोथी लागते. आपली पोथी पार्किन्सन यांची. हे गृहस्थ स्वतः नौदलाचे इतिहासकार. १९५५ साली त्यांनी 'इकॉनॉमिस्ट'मध्ये ब्रिटिश नौदलाचे आकडे मांडले. १९१४ मध्ये मोठ्या युद्धनौका ६२ होत्या, १९२८ मध्ये राहिल्या २०. खलाशी आणि अधिकारी १,४६,००० होते, ते १,००,००० झाले. आणि नौदलाच्या मुख्य कचेरीतली साहेबमंडळी? २,००० ची झाली ३,५६९. जहाजं दोन तृतीयांशांहून जास्त घटली, खुर्च्या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी वाढल्या. गोदीतले कारकूनसुद्धा ३,२४९ वरून ४,५५८ झाले. बोटीवर माणूस नाही, पण त्या बोटीची फाईल कुणाकडे आहे यावर दोन मजले काम करतायत. पार्किन्सन म्हणाले, ही वाढ वर्षाला ५.१७ ते ६.५६ टक्के होते, काम वाढो, घटो की संपून जावो.

इंग्लंडात हे वाचून लोक हसले. आपण हसायचं नाही, आपण राबवायचं.

ब्रिटिशांची अडचण लक्षात घ्या. ६२ वरून २० वर यायला त्यांना चौदा वर्षं घासावी लागली, आणि तरी २० जहाजं बोडक्यावर राहिलीच. त्यांना रंग द्या, कोळसा द्या, तेल द्या. नागपूरला ही कटकट नाही. आपण मुळात शून्य जहाजांपासून सुरुवात करतो. झिरो माइलचा दगड मिरवणाऱ्या गावाला यापेक्षा शोभेसं काय असणार? शून्य जहाजांना किती अधिकारी लागतात, हे गणित जगात कुणी केलेलं नाही. कारण शून्यानं भागता येत नाही. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण नेमकं तेच आहे.

माणसं कशी वाढतात, याचं मर्मही पार्किन्सननी सांगून ठेवलंय आणि ते कोणत्याही विभागात दुपारी चार वाजता बघायला मिळतं. एका बाबूला काम जड वाटू लागतं. खरंच जड असतं असं नाही, वय झालेलं असतं. त्याला एक मदतनीस दिला तर तो उद्या त्याच्याच खुर्चीवर बसेल. म्हणून तो दोन मागतो, म्हणजे ते दोघं एकमेकांना दाबून राहतात. पुढे त्या दोघांनाही काम जड होतं, त्यांना दोन-दोन. मग एकच पत्र सात जणांकडून फिरून येतं आणि मूळचे बाबू रात्री साडेआठला दिवे बंद करत म्हणतात, "मरून राहिलो यार कामानं." ते खोटं बोलत नाहीत. तुमच्या प्रयोगशाळेत हे घडवून आणायचं असेल तर आवक-जावक रजिस्टरं दोन ठेवा. पुढचं आपोआप होतं.

उपकरण खरेदीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे माझा अनुभव आहे. आमच्या खोलीला कूलर पाहिजे होता. मे महिना, खोली वरच्या मजल्यावर, पंख्यातून वारा नव्हे, वाफ येत होती. अर्ज केला. तीन कोटेशन मागवली. एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्तवाला, ठरला. ऑगस्टमध्ये फाईल वित्त विभागात गेली, तिथून 'कूलरचा संशोधनाशी संबंध स्पष्ट करावा' असा शेरा मारून परत आली. मी दोन पानं लिहिली, त्यात बोलिव्हिया होताच. मंजुरी आली ऑक्टोबरात. कूलर आला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही स्वेटर घालून त्याची पोच सही केली. ३१ मार्चच्या आत यूसी, म्हणजे पैसे खर्च झाल्याचं प्रमाणपत्र, गेलं, पैसे पूर्ण खर्च झाले, सगळे खूश. एप्रिलमध्ये खोकं उघडलं तर ताट्या होत्या, पंखा होता, पाण्याची मोटर नव्हती. मोटरचा खर्चाचा हेड वेगळा.

ती मोटर शेवटी आम्ही वर्गणी काढून बर्डीच्या बाजारातून आणली. लावली, बटण दाबलं, तर ढिम्म. शिपाई आला, त्यानं पिन दोनदा हलवली, मोटर सुरू. नागपूरचं पोरगं बोलायला शिकायच्या आधी हे शिकतं: कूलर चालत नसेल तर आधी पिन बघावी.

यावरून आठवलं. २०११ च्या सप्टेंबरात युरोपातल्या 'ऑपेरा' प्रयोगाच्या लोकांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळून सोडलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण ७३० किलोमीटरवर इटलीतल्या डोंगराखाली प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. जगभर गदारोळ. प्रकाशाहून वेगानं काहीच जात नाही म्हणणारा आइनस्टाइन चुकला की काय! काही महिन्यांनी कारण सापडलं: जीपीएसची वेळ आणणारी एक ऑप्टिकल केबल नीट बसलेली नव्हती. पिन ढिली! आमच्या शिपायाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मंग मले बलावाचं ना."

तुम्ही यातून भलताच धडा घ्याल, म्हणून आधीच सावध करतो. त्या लोकांची चूक ढिली केबल ही नव्हतीच. ती कुणाचीही राहते. चूक अशी की त्यांनी आपले आकडे चव्हाट्यावर मांडले, 'आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा' म्हणून जगाला सांगितलं, मग स्वतःच शोधली, आणि वर ती जाहीर केली. प्रयोगाच्या प्रवक्त्याला पद सोडावं लागलं. बघा, प्रामाणिकपणाची किंमत! आपल्याकडे असं काही झालं तर केबलला हात लावू नये. निष्कर्षावर प्रेस नोट काढावी, सत्कार घ्यावा आणि उपकरण राइट-ऑफ करून भंगारात द्यावं.

लेखकांच्या नावांचं म्हणाल तर हात आखडता घेऊ नका. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक शोधनिबंध आला. पानं ३३, त्यातला अभ्यास संदर्भांसकट ९ पानांत आटोपला, उरलेली २४ पानं लेखक आणि त्यांच्या संस्था. लेखक ५,१५४. आमच्या विभागप्रमुखांनी ही बातमी फ्रेम करून लावली आहे. तिथे त्यातला प्रत्येक जण कणांची टक्कर घडवणाऱ्या २७ किलोमीटरच्या यंत्राशी नाहीतर त्याच्या आकड्यांशी कुठेतरी झुंजलेला होता, हा तपशील फ्रेममध्ये मावला नाही. आपण एवढंच घ्यायचं की नाव टाकायला काम लागत नाही. विभागप्रमुख, प्राचार्य, प्राचार्यांचा भाचा आणि ज्यांच्या गाडीतून सेमिनारला गेलात ते सर, इतकी नावं किमान हवीत.

माणसं कमी पडली तर मांजर चालतं. विनोद नाही हा. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञानं एकट्यानं निबंध लिहिला, पण सगळीकडे 'आम्ही' लिहून बसला. एकट्या लेखकाचा 'आम्ही' मासिकाला चालणार नाही, असं सहकारी म्हणाला. जमाना टाइपरायटरचा, सगळं पुन्हा कोण बडवणार? त्यानं आपल्या चेस्टर नावाच्या सयामी मांजराला 'एफ. डी. सी. विलार्ड' करून सहलेखक केलं आणि निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला. निबंध चांगला होता, हे त्याचं दुर्दैव. आमच्या महाल भागातली मांजरं त्यापेक्षा हुशार आहेत, पण त्यांना ओरिएंटेशन कोर्स नाही म्हणून पगाराचं स्केल लागत नाही.

उचलेगिरीबद्दल नैतिक प्रवचन देणार नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. काही लोकांना हा चुकीला दिलेला वाव वाटतो. आम्ही त्याला भत्ता समजतो, आणि भत्ता कुणी सोडत नाही.

एका गोष्टीपासून मात्र काटेकोरपणे जपा: हसू येणारा प्रश्न. असले प्रश्न पुढे फार त्रास देतात. २००० साली आंद्रे गाइमना चुंबकानं बेडूक हवेत तरंगवल्याबद्दल इग नोबेल मिळालं, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या कामाचं ते बक्षीस. आता माणसानं एवढ्यावर थांबावं की नाही? पण खाज गेली नाही. चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचे पापुद्रे काढत बसले, ग्रॅफीन, म्हणजे एका अणूइतका पातळ पापुद्रा, हाती लागलं, आणि २०१० मध्ये खरं नोबेल गळ्यात पडलं. त्याच २००० साली शांततेचं इग नोबेल कुणाला, तर ब्रिटिश नौदलाला! खर्च वाचवायला त्यांनी तोफेचे सराव करणाऱ्या खलाशांना गोळा न उडवता नुसतं तोंडानं 'बँग' ओरडायला लावलं होतं. मला हे सापडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी फुटाळ्याच्या काठी उभा राहून 'ठो' म्हणणारे आमचे अधिकारी डोळ्यांपुढे आणले आणि एकटाच हसत सुटलो. मग डोक्यात आलं: तोंडानं 'बँग' म्हणणाऱ्याचा नेम सुधारतो का? कुणी मोजलंय का? कसं मोजता येईल?

तासभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी गाईडना सांगितलं. ते गंभीर झाले. म्हणाले, "तुला रजेची गरज आहे."

प्रबंध पूर्ण झाला. विद्यापीठाजवळच्या गल्लीत टायपिंगला दिला. ही दुकानं म्हणजे विदर्भातल्या विद्वत्तेची शेवटची गाळणी. पोरगा बावीस-तेवीसचा, कानात इअरफोन, एका हातानं तर्री-पोहे खात दुसऱ्या हातानं टाइप करायचा. मरून रंगाचं कव्हर, सोनेरी अक्षरं, पाच प्रती ठरल्या. बाइंडिंगच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"सर, दोनशे चाळीस पानं झाले. एक विचाराचं होतं. पूर्ण नौदल नौदल करून राहिले तुम्ही, पण जहाज फक्त एकशे बाराव्या पानावर आलं. थेबी एकच. राहू द्याचं का काढाचं?"

मी गाईडना फोन लावला. ते जेवत होते. घास गिळून म्हणाले, "ठेवलं तर व्हायवाला कुणीतरी विचारेल, कोणतं जहाज."

काढलं.