भुतासकट भाडं

आमच्या गावात, गुहागरच्या बाजूला, एका घरात मुंजा आहे अशी वदंता होती. घर चिरेबंदी, विहीर बारमाही, मागे वीस हापूसची कलमं. तरी वर्षानुवर्षं त्या घराला भाडेकरू मिळाला नाही. शेवटी बँकेत बदलून आलेला एक कारकून निम्म्या भाड्यात राहिला, आणि तोही दर अमावास्येला मुद्दाम चिपळूणला मुक्काम करायचा. भूत असलं की भाडं उतरतं, हा नियम मी गुरुत्वाकर्षणाच्याही आधी शिकलो.

त्यामुळे पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गमध्ये, रणांगणापासून पायी दहा मिनिटांवर असलेल्या एका जुन्या इनच्या काउंटरवरच्या बाईंनी "ही खोली चाळीस डॉलर जास्त, इथे वावर आहे" असं हसतमुखाने सांगितलं, तेव्हा मला आधी माझ्या इंग्रजीचीच शंका आली. मी मागे वळून आईला मराठीत सांगितलं.

"कमी म्हणाली असेल. नीट ऐक."

"जास्तच म्हणाली."

"मग तिला सांग, भूत नसलेली दे."

ती शिल्लक नव्हती. जुलैचा पहिला आठवडा, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तर विरुद्ध दक्षिण, इथे झालेल्या लढाईची वार्षिक तिथी. गावात लोकरीचे निळे-करडे गणवेश घातलेले हौशी सैनिक हातात आइस्क्रीम घेऊन फिरत होते. न्यू जर्सीतल्या एडिसनहून साडेतीन तास गाडी हाकून आलेलो आम्ही, आई, बायको आणि मी, त्या रात्री भुतासकट भाडं भरून वर गेलो. आईने जिन्यात दोनदा विचारलं, की पावतीवर भुताचा वेगळा आकार लावलाय का.

दिवस मात्र चांगला गेला होता. चांगला म्हणजे, जिथे १८६३ साली १ ते ३ जुलै या तीन दिवसांत मेलेले, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता मिळून सुमारे ५१,००० माणसं गेली, तिथे जितका चांगला जाईल तितका. गावाची वस्ती तेव्हा सुमारे २,४००. लढाई संपली, दोन्ही सैन्यं निघून गेली आणि मागे राहिलेले जखमी गावकऱ्यांच्या गळ्यात पडले. घरं, चर्च, कोठारं, सगळ्यांची इस्पितळं झाली. त्या उन्हाळ्यात मेलेल्या घोड्यांचा वास गावावरून हटत नव्हता म्हणतात. हे सगळं मी आईला फलक वाचून दाखवत होतो. तिने एकच विचारलं, "पानिपतासारखं?"

"पानिपत एका दिवसात झालं, आई. १४ जानेवारी १७६१."

"म्हणजे आपलं जास्त," ती म्हणाली. यात अभिमान होता की दुःख, हे मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेच्या सुमारे १२,५०० सैनिकांनी जिथून समोरच्या टेकाडावर चाल केली, ते मैदान आम्ही पाहिलं. पिकेटची चढाई म्हणतात तिला. आईने कपाळावर हात आडवा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "एक झाड नाही रे आडोशाला. कोणी पाठवलं या पोरांना?"

"जनरल लीने."

"शहाणा होता का?"

"फार मोठा सेनापती होता म्हणतात."

"म्हणतात तर म्हणू देत," म्हणून ती गाडीकडे चालू लागली. लीच्या युद्धनीतीवर मी बरंच काही ऐकलं आहे, पण इतक्या थोडक्यात नाही.

तिच्या मनाला लागली ती जेनी वेड. वीस वर्षांची मुलगी. ३ जुलैच्या सकाळी बहिणीच्या घरात ब्रेडसाठी पीठ मळत उभी होती. गोळी दरवाजे फोडून आत आली. एवढ्या मोठ्या लढाईत थेट गोळीने मेलेली ती गावातली एकटीच. ते घर आता संग्रहालय आहे. आई त्या स्वयंपाकघरात बराच वेळ काही न बोलता उभी होती. मग म्हणाली, "कणीक मळताना हात भरलेले असतात. पळता पण येत नाही."

दाराला गोळीचं भोक आहे. लग्न न झालेल्या मुलीने त्यात अनामिका घातली की तिला लवकरच मागणी येते, असा तिथला समज. हे बायकोने आईला सांगायला नको होतं. माझी मावसबहीण डोंबिवलीत छत्तीस वर्षांची, बिनलग्नाची आणि सुखी आहे. आईने दाराकडे पाहिलं, आपल्या बोटाकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "दुसऱ्याकरता घातलं तर लागू पडतं का?"

तर खोली. फरशीच्या जागी लाकडी तक्तपोशी, तीही एका बाजूला इतकी कललेली की आईची चष्म्याची डबी टेबलावरून पडली आणि घरंगळत थेट कपाटाखाली गेली. पलंग छातीइतका उंच, चढायला दोन पायऱ्यांचं स्टूल. खिडकीतला एसी बोटीच्या इंजिनासारखा धडधडत होता आणि गार वारा फक्त पडद्याला लागत होता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक चिनीमातीची बाहुली. तिचे डोळे आपल्यामागे फिरतात असं माहितीपत्रकात छापलेलं. आईने तिच्या तोंडावर टॉवेल टाकला आणि तो विषय मिटवला.

माहितीपत्रकात आमच्या खोलीत दोन सैनिक आणि एक नर्स अशी नोंद होती. आईला हा प्रकार पटेना. तिच्या लेखी भुतांची व्यवस्था ठरलेली असते. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, समंध पुरलेल्या धनावर, चकवा रानवाटेला. प्रत्येकाला जागा आहे, आणि प्रत्येकाचं मागणंही ठरलेलं आहे. कोणाला नारळ, कोणाला कोंबडा, कोणाला नुसता दहीभात. दिलं की जातात. "यांना काय हवंय ते कोणी विचारलं का?" तिने विचारलं. माहितीपत्रकात त्याबद्दल काही नव्हतं. भेटवस्तूंच्या दुकानाला दहा टक्के सवलत होती.

मग तिने आमच्या डब्यातली उरलेली चपाती काढली, तिचे चार तुकडे केले, प्रत्येकावर गुळाचा खडा ठेवला आणि खिडकीबाहेरच्या कठड्यावर मांडले. "उपाशीच मेली असतील पोरं." जेनी वेडचं नाव तिने घेतलं नाही, पण चौथा तुकडा कोणाचा, हे मी विचारलं नाही. दिवा मालवला.

साडेअकरापर्यंत ठीक होतं. मग शेजारच्या खोलीतून घोगरा, गंभीर आवाज आला. "इथे कोणी आहे का?"

मी ताडकन उठून बसलो. बायकोने झोपेत माझा दंड धरला. पुन्हा, "आम्ही तुम्हाला त्रास द्यायला आलो नाही. तुमचं नाव काय?"

त्रास द्यायला आलो नाही म्हणजे! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळी जिन्यात भेटलेले ओहायोचे तिघे, दोन पुरुष आणि एक बाई, काळे टी-शर्ट, हातात फोटोग्राफरकडे असतात तसल्या पेट्या. भुतं शोधणारे. त्यांच्याकडे चुंबकीय क्षेत्र मोजणारं एक यंत्र होतं. जुन्या घरांतल्या वायरिंगजवळ ते आपोआप पीं पीं करतं, आणि आमच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीत वायरिंगशिवाय दुसरं काही नसावं, इतकी ती पातळ होती.

"तुम्ही उत्तरेकडून लढलात की दक्षिणेकडून?"

पीं.

"तुम्हाला गोळी कुठे लागली?"

पीं पीं.

हे सव्वा वाजेपर्यंत चाललं. दर प्रश्नानंतर मिनिटभर शांतता पाळायचे, उत्तर टेप व्हावं म्हणून. झोप नेमकी त्या मिनिटाच्या शेवटी लागायची. भूत एक वेळ परवडलं. त्याला निदान पहाटे कोंबडा आरवला की जावं लागतं.

मग तो म्हणाला, "तुम्ही इथे असाल, तर भिंतीवर दोनदा ठोका."

आता, माझी चूक मी कबूल करतो. शेजाऱ्याचा टीव्ही मोठा झाला की भिंत ठोकायची, ही दादरच्या चाळीतली सवय. माझा हात आपोआप गेला. धाड, धाड. त्यामागचा माझा अर्थ 'पुरे आता' एवढाच होता.

पलीकडे क्षणभर श्वाससुद्धा ऐकू येईना. मग ती बाई रडली. आनंदाने रडली. पेट्या उघडल्याचे, तिवया मांडल्याचे, चौथ्या कोणालातरी फोन केल्याचे आवाज आले. पुढचे दोन तास त्यांनी भिंतीला तोंड लावून प्रश्न विचारले. तुमची आई जिवंत आहे का. मरताना दुखलं का. आता कसं वाटतंय.

मला वाटत होतं आई झोपली आहे. पण मरताना दुखलं का, हे तिला बरोबर कळलं. न्यू जर्सीतल्या डॉक्टरांमुळे तिचं इंग्रजी त्या एका क्रियापदात पक्कं झालं आहे. त्या उंच पलंगावर ती ताठ उठून बसली आणि कोकणात नदीपलीकडच्या माणसाला हाक मारायला लागतो त्या पट्टीत ओरडली, "मेलेल्याला कसा मेलास विचारतात होय रे? गप झोपा मेल्यांनो!"

आणि आडवी होऊन पाच मिनिटांत घोरायला लागली. पलीकडे नंतर चिटपाखरू हललं नाही.

सकाळी कठड्यावर काही उरलं नव्हतं. खाली अंगणात एक खार मिशा पुसत बसली होती. मी आईला ती दाखवली नाही. नाश्त्याला खाली गेलो तर सगळं जेवणघर एका टेबलाभोवती गोळा झालेलं. तिघांचे डोळे लालभडक, चेहरे उजळलेले. मधोमध छोटा स्पीकर. खरखर, खरखर, आणि मग लांबून, विहिरीतून आल्यासारखा, "...गप झोपा मेल्यांनो!"

एका बाईने छातीवर क्रूस केला.

दाढीवाला समजावून सांगत होता. ही इंग्रजी नाही. उत्तरेच्या सैन्याच्या अकराव्या कोअरमध्ये, म्हणजे एका मोठ्या दलात, जर्मनीतून आलेले सैनिक खूप होते. पहिल्याच दिवशी, १ जुलैला, त्यांना याच गल्ल्यांतून माघार घ्यावी लागली. हे खरं आहे, मीही आदल्या दिवशी फलकावर वाचलं होतं. तेव्हा ही जुनी खेड्यातली जर्मन असणार. आवाज बायकी आहे, कारण पोरगा कोवळा होता. आपल्या पळणाऱ्या मित्रांना हाका मारतोय बिचारा. बायकोने टोस्ट तोंडात कोंबला आणि खिडकीबाहेर बघू लागली. मी सांगणार होतो, खरंच. पण रडलेली ती बाई समोरच बसली होती.

काउंटरवरच्या बाईंनी ते तीनदा ऐकलं, डोळे टिपले आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत मागितली. या खोलीला आता निराळं नाव देऊ म्हणाल्या. दरही बघावा लागेल.

"काय चाललंय रे?" आईने बशीत चहा ओतत विचारलं. मी हळू आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

तिने बशी खाली ठेवली. "म्हणजे त्यांचं भूत आलंच नाही. आपणच आपलं नेलेलं."

"तसंच म्हणायचं."

"मग ते चाळीस डॉलर परत माग."