पाळणा बांधण्याआधी हजेरीपट बघा

मूल हवंय? छान. पंचांग नंतर, आधी हजेरीपट काढा. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नसेल तिथे, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम झालेलं असेल, तरच भरपगारी रजा. ‘दिवस भरणे’ याला नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत दोन अर्थ आहेत. कारखान्याचे आधी भरावेत, बाळाचे मग. ठेकेदार मध्येच ‘ब्रेक’ देऊन दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर घेत असेल, तर मोजणी पुन्हा एकपासून. तेव्हा बाळाला थोडं थांबायला सांगा.

२०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. पण हुरळू नका. ईएसआय नसेल तिथे हा सगळा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो. म्हणून मुलाखतीत ‘लग्न झालंय का?’ असं इतक्या जिव्हाळ्याने विचारतात. दोन मुलं असताना तिसरं आलं, तर १२च आठवडे. तिसऱ्या बाळाला आई निम्म्याहून कमी पुरते, हा शोध दिल्लीत कुणी लावला कोण जाणे.

बाप केंद्र सरकारी नोकर असेल तर त्याला १५ दिवस. खासगी कारखान्यातल्या बापाला कायदा ओळखत नाही, त्याने बारसं साप्ताहिक सुट्टीला धरावं.

मालक असाल तर पाळणाघराचा आकडा पाठ करा: ५०. तेवढे कर्मचारी झाले की पाळणाघर बंधनकारक, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा. त्यामुळे पटावर ४९ माणसं शोभून दिसतात, उरलेली ठेकेदाराच्या पटावर. पाळणाघर करावंच लागलं, तर शेडपासून लांब करा. जायला दहा मिनिटं, यायला दहा, की चार फेऱ्यांच्या आपोआप दोन होतात. शिवाय विश्रांतीची सुट्टी त्या चारांतच मोजायची, हे तर कायद्यातच लिहिलंय. तुम्हाला काही लबाडी करावी लागत नाही.

पेठ-सुरगाण्याहून ऑक्टोबर छाटणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येणाऱ्या आईसाठी केंद्र सरकारची मातृवंदना योजना आहे. पहिल्या मुलाला ५,००० रुपये: नोंदणी आणि तपासणी झाली की ३,०००, जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी पुरी झाली की २,०००. फक्त लसीच्या दिवशी गावात हजर राहा. मुकादमाची उचल फिटली नसेल तर लसीलाच बागेत बोलवा.

बागेत एक सोय मात्र कारखान्याहून सरस. वाय अँगलला (वेलींच्या लोखंडी आधाराला) साडीची झोळी बांधली की भेटींवर मर्यादाच नाही, काडीला पेस्ट (डोळे फुटावेत म्हणून लावायचं रसायन) लावता लावता पायाने झोका देता येतो. पेस्ट लावलेला हात तेवढा बाळाला लावू नका. आणि फवारणीचा ब्लोअर ओळीत शिरला, की झोळी सोडून बाळाला बांधावर न्या.