जरा बघा ना ताई

कंपनीत माझी ताकद किती ते आधीच सांगून टाकते. मीटिंग रूम बुक करायची तर मला दुसऱ्याला विचारावं लागतं. एसी कमी करायचा तर तिकीट टाकावं लागतं आणि ते तिकीट दोन दिवसांनी एसी कमी न होताच 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद होतं. असं असूनही माझे नातेवाईक, शाळेचा ग्रुप, आणि त्या ग्रुपातल्यांचे नातेवाईक या सगळ्यांची पक्की समजूत आहे की मी लोकांना नोकरीला 'लावते'.

झालं काय की चार वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलीचा सीव्ही मी आमच्या रेफरल पोर्टलवर (कंपनीतल्यांनी ओळखीच्यांची नावं सुचवायची साईट) टाकला आणि ती लागली. मुलगी मुळात हुशार, इंटरव्ह्यूच्या तिन्ही राऊंड तिने स्वतः दिल्या, माझा वाटा म्हणजे एक फॉर्म आणि एक सबमिटचं बटण. पण तिच्या आईने चार ठिकाणी सांगितलं की "हिने शब्द टाकला म्हणून झालं". तेव्हापासून तो शब्द गावभर फिरतोय आणि मी त्याच्या मागे मागे खुलासे करत पळतेय.

मेसेजची एक ठरलेली पद्धत असते. पहिल्या दिवशी "हाय ताई". मी "बोल" म्हणते. मग दोन दिवस काहीच नाही. मला वाटतं चुकून आला असेल. तिसऱ्या दिवशी रात्री पावणेदोनला "कश्या आहात". रात्री पावणेदोनला मी झोपलेली असते हे त्याचं उत्तर, पण ते सकाळी द्यावं लागतं. मग एकदाचं मुद्द्यावर येतं, "तुमच्याकडे जॉब आहे का". मी विचारते कसला जॉब हवाय. आणि मग ते दोन शब्द येतात जे वाचून माझं अवसानच गळतं, "कुठलाही चालेल".

आता हे 'कुठलाही' नम्रपणाने लिहिलेलं असतं हे मला कळतं, आपण हटून बसलोय असं समोरच्याला वाटू नये म्हणून. पण 'कुठलाही' नावाची व्हेकन्सी आमच्या पोर्टलवर नाही हो. मला आधी जॉब आयडी, म्हणजे त्या ठरावीक जागेचा नंबर, टाकावा लागतो तेव्हा कुठे फॉर्म पुढे सरकतो. एकाला म्हणलं करिअरच्या पेजवर बघ आणि जॉब आयडी पाठव, तर त्याने स्वतःचा ईमेल आयडी पाठवला. दुसऱ्याने सीव्ही म्हणून कागदाचा फोटो पाठवला ज्यात त्याचा अंगठा त्याच्या अनुभवापेक्षा जास्त जागा घेत होता. पीडीएफ पाठवणारे असतात पण फाईलचं नाव 'सीव्ही फायनल फायनल नवीन 3', आणि उघडली की दोन रकाने, डावीकडे कौशल्यांपुढे चांदण्या, पाचपैकी चार. चांदण्या मला आवडतात पण आमचं सॉफ्टवेअर ते दोन रकाने सलग वाचतं, त्यामुळे एकीचं मागचं पद 'सिनियर अकाउंटंट पोहणे वाचन' असं नोंदलं गेलं होतं.

यापुढचा छळ म्हणजे फॉर्म. "उमेदवाराला कधीपासून ओळखता?" (मंगळवारपासून.) "कुठल्या नात्याने?" इथे सहकारी, मित्र, नातेवाईक, इतर असे पर्याय आहेत, 'मावशीच्या शेजारणीचा भाचा' नाहीये. "ही व्यक्ती योग्य का वाटते?" हे कंपल्सरी आहे, आणि ज्याला मी कधी पाहिलं नाही त्याच्याबद्दल काय लिहू, वेळेचा पक्का आहे म्हणू? शेवटी खरंच लिहिते, की प्रत्यक्ष ओळख नाही, सीव्ही बघून पाठवतेय. आणि एवढं सगळं भरून सबमिट केलं की लाल अक्षरात येतं की उमेदवाराने वेबसाईटवरून आधीच अर्ज केलाय, रेफरल ग्राह्य नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, हो ताई, म्हणलं दोन्हीकडून असू दे!

गंमत म्हणजे शास्त्रपण या लोकांच्याच बाजूने आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली दाखवून दिलं की नोकरीची खबर जिवलग लोकांपेक्षा जुजबी ओळखीच्यांकडून जास्त येते. त्याने ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं की ज्याने सांगितलं तो तुम्हाला तेव्हा कितीदा भेटायचा, तर वरचेवर भेटणारे जेमतेम 17 टक्के निघाले, बाकीचे कधीमधी नाहीतर क्वचित. कारण सोपं आहे, आपल्या जवळच्यांना जे माहितीये ते आपल्यालाही माहिती असतं. पुढे 2022 मध्ये लिंक्डइनच्या 2 कोटी लोकांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला, त्यात निघालं की अगदीच पुसट ओळखही फार कामाची नाही, मध्यम कच्ची ओळख सगळ्यात बरी. म्हणजे मी. मावशीच्या शेजारणीच्या भाच्यासाठी मी अगदी मापात कच्ची आहे.

आणि खरं सांगू का, उपयोग होतो तो शब्द टाकण्याचा नाहीच. उपयोग होतो तो फालतू वाटणाऱ्या माहितीचा. म्हणजे ही जाहिरात सहा महिन्यांपासून तशीच आहे, नादी लागू नकोस. किंवा त्या जागेवर आतलाच माणूस ठरलाय. किंवा त्या टीमचा साहेब चांगला आहे पण पहिल्या राऊंडला एक्सेल उघडून बसवतो. पण हे सांगितलं की लोकांना वाटतं ताई टाळतेय.

तर त्या 'कुठलाही'वाल्याशी मी एका रविवारी पाऊण तास फोनवर बोलले. आधी काय करायचास? "काही नाही, असंच गोडाऊनला." असंच म्हणजे? तर दोन वर्षं हा एकटा पूर्ण मालाचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवत होता आणि सीव्हीत त्याचा एक शब्द नाही, तिथे 'आव्हानात्मक वातावरणात प्रगती करण्याची इच्छा' अशा चार ओळी. त्या उडवल्या, हिशोब वर आणला, आमच्याकडच्या स्टोअर्समधल्या एका जागेचा आयडी मीच शोधला, कारण आयडी या शब्दावर आता माझा विश्वास उरला नव्हता.

मग शांतता. तीन महिने काही नाही. एक दिवस पोर्टलवरून आपोआप येणारा ईमेल आला, अभिनंदन, आपला उमेदवार रुजू झाला आहे. त्याच आठवड्यात तो मला लिफ्टमध्ये भेटला, गळ्यात आयकार्ड. "ताई, तुम्हाला मेसेज करणारच होतो!"

आणि केला ना. त्याच रात्री, "हाय ताई". तिसऱ्या दिवशी त्याच्या चुलतभावाची पीडीएफ आणि खाली "जरा बघा ना". मी लिहिलं, अरे आता तुझ्याकडे पण तेच पोर्टल आहे, तेच लॉगिन आहे, तूच टाक की. तर म्हणतो, "हो, पण तुमची ओळख आहे ना आत."

मी विचारलं, कुठल्या जागेसाठी?

बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, "तो म्हणतोय कुठलीही चालेल".