व्हीलचेअरला काँक्रीट लागत नाही

सार्वजनिक बागेत दिव्यांगांसाठी सोयी करा म्हटलं की एक उत्तर हमखास फिरू लागतं: त्यासाठी मातीवर काँक्रीट ओतावं लागेल, झाडं जातील, मूठभर लोकांपायी सगळ्यांचा पैसा जाईल, त्यापेक्षा त्यांना वेगळी बाग बांधून द्या. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी 'मूठभर'. २०११च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांगांची नोंद आहे. गुडघे धरलेले आजोबा, बाबागाडी ढकलणारी आई, पाय प्लास्टरमध्ये असलेला पोरगा त्यात धरलेले नाहीत. 'आमच्या बागेत कुणी व्हीलचेअरवर दिसत नाही' हाही पुरावा नव्हे. दुचाक्या शिरू नयेत म्हणून कित्येक फाटकांत लोखंडी खांब इतके जवळजवळ रोवतात की व्हीलचेअर तिथेच अडते. मग ती आत दिसणार कशी?

आता काँक्रीट. चाकाला वाट घट्ट, सपाट आणि न घसरणारी लागते, एवढंच. बारीक खडी आणि दगडाची कच ओली करून थराथराने रोलरखाली दाबली की तशी वाट होते, आणि काँक्रीटवरून वाहून जाणारं थोडं पाणी तिच्यात मुरतंही. कडेला चर नसेल तर ती पावसात धुपते, हे खरं; म्हणून दरवर्षीच्या डागडुजीची तरतूद धरावीच लागते. झाड आडवं आलं तर वाट वळवावी, मुळांवर खोदू नये. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवण्याची खोड 'सुशोभीकरणा'ची आहे. त्या ब्लॉकवर शेवाळ धरलं की धडधाकट माणूसही आपटतो. त्याचं खापर दिव्यांगांवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. उलट झाडांची गरज त्यांना जास्तच आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांना घाम नीट येत नाही, ऊन लवकर बाधतं. खेळण्यांखालचं रबरही उन्हात चटके देतं. सावली ही त्यांच्यासाठी सोयच आहे.

खर्चाचं थोडक्यात सांगते. रॅम्पचा उतार १:१२ धरतात, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांबी. हे मूळ आराखड्यात असेल तर फारसं जड जात नाही. बांधकाम झाल्यावर तोडफोड करून घालायचं, तर महाग पडतं.

राहिली वेगळी बाग. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळता यावं, असं स्पष्ट म्हटलंय. वेगळ्या कुंपणात ती बरोबरी येत नाही. बहीण एका बागेत आणि भाऊ दुसऱ्या बागेत, असं होतं. अमेरिकेत सॅन अँटोनिओला गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या दिव्यांग मुलीला इतर मुलं खेळात घेत नाहीत हे पाहिलं आणि २०१० मध्ये 'मॉर्गन्स वंडरलँड' हे मनोरंजन उद्यान उभं केलं. तिथे दिव्यांगांना प्रवेश मोफत आहे, पण दार सगळ्यांना उघडं आहे आणि तिथले बहुतेक पाहुणे दिव्यांग नसतात.