धग म्हणजे उकाडा नव्हे

एप्रिल लागला की व्हॉट्सॲपवर तोच मजकूर फिरायला लागतो : धग, झळ, उकाडा, सगळ्यांचा अर्थ एकच, त्यातला ‘धग’ तर अडाणी, चुलीपुढचा शब्द, सरळ ‘हीट’ म्हणा आणि मोकळे व्हा. मला यातलं काहीच पटत नाही.

आधी ‘अर्थ एकच’ हे घ्या. धग कशाची तरी असते : चुलीची, भट्टीची, तापलेल्या पत्र्याची. म्हणून तिच्यापासून सरकून बसता येतं. उकाड्यापासून कुठे सरकणार? मुंबईत पारा ३४ वर असला तरी दमट हवेत वारा पडला की जीव नकोसा होतो, तो उकाडा. अकोल्यात, चंद्रपुरात ४५ अंशांच्या कोरड्या दुपारी वाऱ्याबरोबर तोंडावर येते ती झळ. हवामान खातंसुद्धा सगळीकडे एकच माप लावत नाही : उष्णतेची लाट म्हणायला मैदानात पारा किमान ४० हवा, किनारपट्टीला ३७. चटका बसायला हात लागावा लागतो. धग न शिवता पोचते. चुलीवरची भाकरी बघा. तव्यावरून काढून ती चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करतात. जाळ तिला लागत नाही, खाली तवाही नसतो. नुसत्या धगीने ती टम्म फुगते.

आता ‘अडाणी’. शिवतांडव स्तोत्रात शंकराच्या कपाळावरचा अग्नी ‘धगद्धगद्धगत्’ असाच जळतो. ते स्तोत्र म्हणणाऱ्यांनी तरी या शब्दाला नाक मुरडू नये. आणि चुलीपुढचा असला तर त्यात कमीपणा कसला? रोज निखाऱ्यांपुढे बसणाऱ्या बायकांनीच तो जपलाय.

उरलं ‘हीट’. आंदोलनाची धग, दुष्काळाची धग, महागाईची झळ : यात ‘हीट’ घालून वाचा, वाक्य तिथेच कोसळतं. जवळ असलेल्याला जाणवते ती धग, दूरच्यालाही सोसावी लागते ती झळ, एवढा फरक आपण विचार न करता बोलतो.

मे महिन्यात रात्री अकराला ऊन नसतं, झळाही थांबलेल्या असतात. दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत मात्र साठवलेलं सगळं बाहेर टाकत असते. आई म्हणते, “खाट हातभर इकडे ओढ रे, भिंतीची धग लागतेय.”