युद्धकाळात ब्रिटनमध्ये मतदानच झालं नाही? साफ खोटं!

परवा आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने एकही निवडणूक घेतली नाही, चर्चिलविरुद्ध कुणी चकार शब्द काढला नाही. याला म्हणतात देशभक्ती!’ मामा निवृत्त शिक्षक. भाचरं त्यांचा शब्द प्रमाण मानतात, म्हणून गप्प बसवत नाही.

एक मान्य करतो. सार्वत्रिक निवडणूक खरंच पुढे ढकलली गेली. 1935 साली निवडलेली संसद 1945 पर्यंत चालली. पण तीही दरवर्षी नवा कायदा करून, एकेक वर्षाने.

‘एकही निवडणूक नाही’ हे मात्र धादांत खोटं आहे. जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक लागायची. ज्याची जागा त्याचाच उमेदवार, इतरांनी उभं राहायचं नाही, असा तीन मोठ्या पक्षांचा समझोता होता. पण अपक्षाला कोण अडवणार?

इंग्लंडमधल्या वेस्ट डर्बीशायर मतदारसंघाचंच बघा. शेतीचा, दगडखाणींचा मुलूख. डेव्हनशरच्या ड्यूकचा चॅट्सवर्थचा वाडा इथलाच. मावळता खासदार ड्यूकचा मेहुणा. फेब्रुवारी 1944 मध्ये चर्चिलच्या हुजूर पक्षाने थेट ड्यूकचा थोरला मुलगा, लॉर्ड हार्टिंग्टन, उभा केला. खुद्द चर्चिलने पाठिंब्याचं पत्र दिलं. समोर चार्ली व्हाइट, मोच्याचा मुलगा. समझोत्यामुळे मजूर पक्षाचं तिकीट मिळणं शक्य नव्हतं, म्हणून पक्ष सोडून उभा राहिलेला. त्याच्या वडिलांनी 1918 मध्ये हीच जागा जिंकली होती. निकाल: व्हाइट 16,336, हार्टिंग्टन 11,775. पंतप्रधानांचं पत्र असूनही ड्यूकचा वारस साडेचार हजारांनी पडला, तेही फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर दोस्त सैन्याच्या स्वारीला चार महिने उरले असताना! त्या सोळा हजारांना कुणी देशद्रोही म्हणायचं? हार्टिंग्टन सैन्यात परतला आणि सप्टेंबरमध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. व्हाइट संसदेत जाऊन बसला. दोघांनी आपापलं काम केलं.

‘चकार शब्द नाही’ म्हणे! जुलै 1942 मध्ये, उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुक जर्मनांच्या हाती पडल्यावर, चर्चिल सरकारवर थेट अविश्वास ठराव आला. दोन दिवस चर्चा होऊन तो 475 विरुद्ध 25 मतांनी फेटाळला गेला. आणि तो मांडणारे वॉर्डलॉ-मिल्न चर्चिलच्याच पक्षाचे!

ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचा शब्दशः वृत्तान्त, हॅन्सार्ड, घरबसल्या वाचता येतो. मामा, 1 आणि 2 जुलै 1942 ची पानं तुम्हाला पाठवली आहेत. वाचा, आणि तो मेसेज आजच ग्रुपवरून काढा.